शेजारच्या खोलीतल्या डोरोथीबाई

आजचं वाचन: इब्री लोकांस पत्र १३:७



आजच्या वचनात लेखक तीन गोष्टी करायला सांगतो. ज्यांनी तुम्हाला देवाचं वचन सांगितलं, त्या पुढाऱ्यांची आठवण ठेवा. त्यांचं आयुष्य कसं गेलं आणि शेवटाला कसं पोचलं, ते नीट पाहा. आणि त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करा. पहिली आणि तिसरी गोष्ट आपण आवडीने करतो. मिशनऱ्यांच्या गोष्टी रविवारच्या शाळेपासून ऐकत आलोय, भाषणांत त्यांचे दाखले देतो, स्टेटसला त्यांची वाक्यं ठेवतो. मधली गोष्ट मात्र राहून जाते. नीट पाहायचं.

आमच्या शुक्रवारच्या तरुणांच्या गटात सध्या विल्यम कॅरींचं चरित्र वाचून झालंय. दहाबारा जण, बहुतेक नोकरी करणारे, दोघांचं नुकतंच लग्न झालेलं. पुस्तक एकच, पण शेवटच्या दिवशी असं वाटलं की प्रत्येकाने वेगळंच पुस्तक वाचलंय. एक जण म्हणाला, "या माणसाने माझं आयुष्य हलवून टाकलं." त्याच्या शेजारी बसलेली म्हणाली, "मला तर अर्ध्यात पुस्तक बंद करावंसं वाटलं." तिसऱ्याला या चर्चेचाच त्रास होत होता: देवाच्या सेवकाबद्दल असं बोलायचंच कशाला? आणि एक मुलगी संपूर्ण वेळ गप्प होती. ती शेवटी काय म्हणाली, ते पुढे सांगते.

ज्यांनी कॅरींबद्दल वाचलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. १७६१ साली इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या एका खेड्यात जन्म. धंदा चांभाराचा. जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकले, बाप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले. १७९२ साली त्यांच्या पुढाकाराने बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी ते बंगालमध्ये आले, ते कायमचे. १८०० पासून त्यांचं ठाणं श्रीरामपूर. हे आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, कलकत्त्याजवळचं, हुगळीच्या काठावरचं, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेलं. तिथे त्यांनी आणि त्यांचे सहकारी मार्शमन आणि वॉर्ड यांनी छापखाना काढला, शाळा काढल्या, १८१८ मध्ये कॉलेज काढलं, शास्त्राची कितीतरी भाषांतरं केली. १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा झाला, तेव्हा त्याचं बंगाली भाषांतर कॅरींनीच केलं. हुकूम हातात पडला तो रविवारी. एक तास उशीर म्हणजे आणखी एखादी बाई चितेवर, म्हणून उपासना दुसऱ्यावर सोपवून ते भाषांतराला बसले, असं सांगतात.

आणि आपल्यासाठी खास गोष्ट म्हणजे फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत. १८०५ साली त्यांचं मराठीचं व्याकरण छापून निघालं, १८१० साली मराठी शब्दकोश. वैजनाथ पंडितांची त्यांना मदत होती. शास्त्र मराठीत छापण्याचं कामही श्रीरामपूरलाच सुरू झालं. म्हणजे आज सकाळी मोबाईलवर तुम्ही जे वचन मराठीत वाचलंत, त्याच्या मागे जी लांबलचक साखळी आहे, तिची एक जुनी कडी या माणसाच्या टेबलावर तयार झाली.

हे सगळं वाचून कुणीही भारावून जाईल. मीही जाते. पण त्याच पुस्तकात शेजारच्या खोलीत एक बाई आहे.

डोरोथी कॅरी. लग्न १७८१ साली झालं. नवरा वीस वर्षांचाही नव्हता, त्या त्याच्याहून वयाने मोठ्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. लग्नाच्या नोंदवहीत त्यांनी सहीऐवजी फुली काढली. दोन मुली अगदी लहानपणीच गेल्या. १७९३ मध्ये नवऱ्याने सांगितलं की आपण हिंदुस्थानात जाणार, तेव्हा त्या गरोदर होत्या, पदरात तीन लहान मुलं होती आणि आपल्या गावापासून फार लांब त्या कधी गेल्याच नव्हत्या. त्या "नाही" म्हणाल्या. कॅरींनी थोरल्या फेलिक्सला, आठ वर्षांच्या मुलाला, बरोबर घेतलं आणि त्यांच्याविना निघाले. काही अडचणींमुळे ते जहाज हुकलं. मधल्या काळात डोरोथीबाई बाळंत झाल्या. कॅरी आणि त्यांचे सहकारी डॉक्टर थॉमस पुन्हा घरी आले, पुन्हा विचारलं. पुन्हा नकार. मग थॉमस एकटे मागे फिरले आणि त्यांनी या बाईला असं काही सांगितलं की ती हादरली: आत्ता आली नाहीस तर कुटुंब कायमचं तुटेल आणि जन्मभर पस्तावशील. त्या तयार झाल्या, एका अटीवर. धाकटी बहीण किटी बरोबर हवी. जेमतेम काही आठवड्यांचं तान्हं मूल घेऊन जूनमध्ये जहाजावर चढल्या आणि नोव्हेंबरमध्ये बंगालमध्ये उतरल्या.

पहिलं वर्ष कसं गेलं? पैसे संपले. घरं बदलली. आव लागली, त्यांनाही आणि मुलालाही. जिच्या भरवशावर आल्या होत्या, त्या किटीचं लग्न ठरलं आणि ती मागे राहिली. १७९४ मध्ये मदनाबाटीला, जिथे कॅरी निळीच्या कारखान्यावर काम करत होते, त्यांचा पाच वर्षांचा पीटर आजाराने गेला. त्याला पुरण्यासाठी खड्डा खणायलाही माणसं मिळेनात. त्यानंतर काही महिन्यांत डोरोथीबाईंचं मन ढळलं. नवऱ्यावर संशय घेऊ लागल्या, चारचौघांत ओरडून आरोप करू लागल्या. पुढे त्यांना खोलीत बंद ठेवावं लागलं. डिसेंबर १८०७ मध्ये त्या वारल्या. म्हणजे जवळजवळ बारा वर्षं.

आता वरच्या सनावळ्या पुन्हा पाहा. मराठी व्याकरण १८०५. असं लिहून ठेवलेलं आहे की शेजारच्या खोलीत पत्नीची ही अवस्था असताना कॅरी भाषांतराचं काम करत बसत. २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल या बंगाली सुताराचा बाप्तिस्मा झाला, हुगळीच्या पाण्यात. सात वर्षांच्या कष्टांचं ते पहिलं फळ, आणि त्याच दिवशी थोरल्या फेलिक्सचाही बाप्तिस्मा. काठावर आनंद चाललाय आणि घरात बंद दाराआड त्या बाईचा आक्रोश. दोन्ही एकाच सकाळी.

आता गटातल्या प्रतिक्रियांकडे वळते, कारण मला वाटतं त्यातली एकही मूर्खपणाची नाही.

पहिला म्हणाला, "त्याग असाच असतो. प्रभूने स्वतः सांगितलंय की बायको, मुलं, आईबाप यांच्याहून मी प्रिय नसेन तर माझा शिष्य होता येणार नाही." त्याचा रोख लूक १४:२६ कडे होता. त्याचं म्हणणं हलकं नाही. कॅरी घरीच राहिले असते तर आज आपण कुठे असतो, हा प्रश्न खराच आहे.

दुसरी म्हणाली, "त्याग स्वतःचा करायचा असतो. दुसऱ्याचा करून त्याला त्याग कसं म्हणणार?" तिने १ तीमथ्य ५:८ काढलं. जो आपल्या घरच्यांची काळजी घेत नाही, त्याने विश्वास नाकारलाय, असं पौल तिथे स्पष्टच सांगतो.

तिसरा म्हणाला, "काळ वेगळा होता. तेव्हा बायकांना कोण विचारत होतं? आणि मानसिक आजार कुणाला कळत होता? आजच्या चष्म्यातून त्यांना बघू नका."

दोन वचनं एकमेकांसमोर उभी करून भांडायला सोपं जातं. म्हणून मी आधी तिसऱ्याचं म्हणणं घेते, कारण ते सगळ्यांत समजूतदार वाटतं. त्यात अर्धं खरं आहे. मनाच्या आजारावर तेव्हा औषध नव्हतं, वेड्यांच्या इस्पितळांची अवस्था भयंकर होती. लोकांनी सुचवूनही कॅरींनी पत्नीला तिथे पाठवलं नाही, घरीच सांभाळलं. हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. शिवाय त्या इंग्लंडमध्येच राहिल्या असत्या तर हा आजार झालाच नसता, असंही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पण "तेव्हा कुणाला काय कळत होतं" हे म्हणताना आपण एका व्यक्तीला विसरतो. डोरोथीबाईंना कळत होतं. त्यांचा नकार हा आजच्या काळातून आणून चिकटवलेला आक्षेप नाही, तो १७९३ मधलाच आहे. कॅरींच्या वडिलांनीही ही बातमी ऐकून मुलाचं डोकं फिरलंय का, असंच विचारलं होतं. काळाचा दाखला आपण देतो तेव्हा बहुतेक वेळा त्या काळातल्या ज्यांचं ऐकलं गेलं, त्यांचाच दाखला देतो. ज्यांचं ऐकलं गेलं नाही, तीही त्याच काळातली माणसं होती.

आता पहिल्याकडे. लूक १४:२६ मध्ये प्रभू शिष्याला त्याच्या स्वतःच्या जिवाबद्दलही सांगतो, हे आपण सोडून देतो. ते वचन मी माझ्यावर लावायचं असतं. माझी आसक्ती मी सोडायची. पण "मी सगळं देवाला दिलं" असं म्हणताना त्या "सगळ्या"त दुसऱ्याचं आरोग्य, दुसऱ्याचा होकार, दुसऱ्याची बारा वर्षं बसतात का? ती माझी नव्हतीच, मग मी दिली कशी? अर्पण आपल्या मालकीच्या वस्तूचं करतात. दाविदाने अरवनाचं खळं फुकट घ्यायला नकार दिला, तो याच कारणाने: ज्याची किंमत मी भरली नाही ते देवाला कसं अर्पू? २ शमुवेल २४ मध्ये ही गोष्ट आहे.

मग दुसरीचं म्हणणं पूर्ण खरं का? तिथेही मला थांबावंसं वाटतं. तिचा राग न्याय्य आहे, पण शेवटी ती म्हणाली, "मग या माणसाचं काहीच मला नको." हे आपल्याला परवडणार आहे का? व्याकरण नको, शाळा नकोत, सतीबंदीचं भाषांतर नको? आणि नको म्हटलं तरी ते आपण आधीच घेतलेलं आहे. आपण सगळे लाभार्थी आहोत, डोरोथीबाईंनी भरलेल्या किमतीचे. कॅरींना पुसून टाकलं तर आपलं हे देणंही पुसलं जातं, आणि ते तर सर्वांत सोयीचं.

इथे शास्त्र स्वतः काय करतं ते बघूया. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात प्रभूची वंशावळ आहे. वाचताना कंटाळून आपण पान उलटतो. सहाव्या वचनात शलमोनाच्या आईचा उल्लेख येतो, पण तिथे बथशेबा हे नाव नाही. ती उरियाची बायको होती, एवढंच लिहिलंय. विचार करा, मत्तयाला हे टाळता आलं असतं. राजा दावीद, देवाच्या मनासारखा माणूस, ज्याच्या वंशात तारणारा जन्मला, त्याच्या नावाशेजारी त्या मारल्या गेलेल्या सैनिकाचं नाव ठेवायची काय गरज होती? आणि २ शमुवेल २३ मध्ये दाविदाच्या शूरवीरांची यादी आहे, तिच्यात अगदी शेवटचं नाव कुणाचं? उरिया हित्ती.

कॅरींनी दाविदासारखा गुन्हा केला असं मी म्हणत नाही, कृपा करून तसं वाचू नका. मुद्दा लिहिण्याच्या पद्धतीचा आहे. शास्त्र दाविदाला वंशावळीतून काढून टाकत नाही, आणि उरियालाही काढून टाकत नाही. गौरवाच्या यादीतच जखमेचं नाव ठेवतं. आपली चरित्रं नेमकं इथे कमी पडतात. कॅरींच्या जुन्या चरित्रकारांनी डोरोथीबाईंना कसं रंगवलं? अडाणी, नवऱ्याच्या मोठेपणाची जाण नसलेली, त्याच्या पायातली बेडी. त्यांच्यावर जेम्स बेक यांचं स्वतंत्र पुस्तक निघालं ते १९९२ मध्ये, मृत्यूनंतर १८५ वर्षांनी.

आणि आता त्या गप्प बसलेल्या मुलीबद्दल. ती शेवटी एवढंच म्हणाली, "माझ्या आईला असाच आजार आहे. बाबा मंडळीत खूप काम करतात, सगळे त्यांची स्तुती करतात. आईबद्दल कुणी विचारत नाही. या पुस्तकात पहिल्यांदा मला आमचं घर दिसलं." त्यानंतर कुणीच काही बोललं नाही. ज्याला ही चर्चा नको होती, तोच उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आला.

त्याची भीती होती की देवाच्या माणसांचे दोष उघड केले तर विश्वास डळमळेल. मला वाटतं, ज्यांचा विश्वास डळमळण्याची आपल्याला काळजी असते, ती बहुतेक वेळा बाहेरच्या खोलीत बसलेली माणसं असतात. आतल्या खोलीतल्या माणसाला उलट तेव्हाच धीर येतो, जेव्हा कळतं की देवाच्या वहीत आपलंही नाव आहे.

मित्रमैत्रिणींनो, हे दोनशे वर्षांपूर्वीचं प्रकरण आपल्यासाठी बंद झालेलं नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या तोंडी "पाचारण" हा शब्द आहे. कुणाला पूर्णवेळ सेवेला जायचंय, कुणाला नोकरी सोडून संस्था काढायचीय, कुणाला परदेशी शिकायला जायचंय. सुंदर गोष्टी आहेत, जा. पण "देवाने मला सांगितलंय" हे वाक्य आपण घरात कुणासमोर आणि कशासाठी वापरतो, हे तपासा. स्वतःला धीर देण्यासाठी वापरत असाल तर ते प्रार्थनेचं वाक्य आहे. समोरच्याचं तोंड बंद करण्यासाठी वापरत असाल तर ते वाक्य तुमचं आहे, देवाचं नाही. डॉक्टर थॉमस त्या दिवशी डोरोथीबाईंकडे कळवळ्यानेच गेले असतील. तरी एका तान्ह्या बाळाच्या आईला पस्तावण्याची भीती घालून मिळवलेला होकार, त्याला होकार म्हणावं का?

आजच्या दिवसासाठी एवढं करा. तुमच्या कामाची, सेवेची, अभ्यासाची किंमत तुमच्याशिवाय आणखी कोण भरतंय, ते एका कागदावर लिहा. रात्री उशिरापर्यंत जागी राहणारी आई असेल, दर रविवारी एकटाच जेवणारा नवरा असेल, स्वतःचा अभ्यासक्रम पुढे ढकललेली बायको असेल. मग त्या माणसाला जाऊन विचारा, "तुला हे चालतंय का?" आणि उत्तर "नाही" आलं तर लगेच वचन काढू नका. आधी ऐका. मान्य करायचं की नाही, हे नंतर दोघांनी मिळून ठरवा, लागला तर वेळ घ्या. त्या वेळी एक जहाज हुकलंच होतं, तरी देवाचं काम काही हुकलं नाही. आणखी सहा महिने थांबलं असतं तर ते हुकलं असतं, असं मला वाटत नाही.

कॅरींनी शेवटच्या आजारपणात एका तरुण मिशनऱ्याला जे सांगितलं, ते प्रसिद्धच आहे: मी गेल्यावर कॅरीबद्दल बोलत बसू नका, कॅरीच्या तारणाऱ्याबद्दल बोला. एरवी हे नम्रतेचं उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात एक परवानगीही दिसते. आम्हाला डागविरहित दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही, असं जणू ते आपल्याला सांगतायत. तारणारा एकच आहे आणि तो कॅरी नाही. म्हणूनच कॅरींकडे नीट पाहता येतं, न घाबरता. त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करू. त्यांची चिकाटी, भाषेबद्दलचं प्रेम, परक्या मुलखातल्या माणसांसाठी झिजवलेली एकेचाळीस वर्षं, हे सगळं उचलू. आणि जिथे त्यांचं पाऊल पडलं तिथे आपलं पडू नये म्हणून ती जागा ओळखून ठेवू. आजचं वचन आपल्याकडून एवढंच मागतं.

प्रार्थना:
हे प्रभू, तू ज्यांना वापरलंस त्यांच्याबद्दल तुझे आभार. त्यांच्या शेजारच्या खोलीत जे रडले, त्यांचीही नावं तुला ठाऊक आहेत, त्याबद्दलही आभार. ज्या घरांत आज कुणी मनाने आजारी आहे, तिथे तू जवळ राहा आणि आम्हालाही तिथे पाठव. आमच्या सेवेची किंमत दुसऱ्याच्या खिशातून भरायची आमची सवय मोडून टाक. आणि घरातलं कुणी "नाही" म्हणालं, तर ते ऐकायला आम्हाला कान दे. आमेन.